दुखण्यात प्रार्थना कशी करावी: आधी तक्रार, मग सोबत, मग अर्पण

आजाऱ्याला भेटायला येणारी मंडळी पहिल्या पाच मिनिटांत त्याच्या दुखण्याचा अर्थ लावून मोकळी होतात. ‘आपलंच काहीतरी चुकलं असणार’ हा त्यातला सगळ्यात स्वस्त अर्थ. येशूपुढे तो दोनदा आला आणि दोन्ही वेळा त्याने तो फेटाळला. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली. ती यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती का, असं विचारून तो स्वतःच ‘नाही’ म्हणतो (लूक १३). जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापांचं? उत्तर, कोणाचंही नाही (योहान ९). सज्जन असूनही सगळं गमावून आजारी पडलेल्या ईयोबाच्या बायबलमधल्या पुस्तकात ४२ अध्याय आहेत. त्यांतले कितीतरी त्याच्या मित्रांच्या स्पष्टीकरणांनी भरलेले आहेत, आणि शेवटच्या अध्यायात देव त्या मित्रांना सांगतो की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. आता ईयोब काय बोलला होता ते काढून वाचा. बहुतेक ठिकाणी तक्रार.

म्हणून ख्रिस्ती श्रद्धेने दुखण्याला सामोरं जायचं तर सुरुवात अर्थापासून करू नये. ‘का?’ हा प्रश्न दाबायचाही नाही. तो शेजाऱ्यांना, गुगलला किंवा स्वतःच्या भूतकाळाला विचारण्याऐवजी थेट देवाला विचारायचा. क्रम असा: आधी तक्रार, मग क्रुसावरच्या येशूची सोबत, आणि सगळ्यात शेवटी, जमलं तर, अर्पण, म्हणजे आपलं दुखणं दुसऱ्या कोणासाठी देवाला देणं. पहिली पायरी गाळून तिसरीवर उडी मारणारे पुष्कळ असतात. महिन्याभराने त्यांची प्रार्थना कोरडी पडते आणि मग ‘माझा विश्वासच कमी’ म्हणून ते आणखी खचतात.

आधी दुखणं कमी करा

कळ असह्य असताना प्रार्थना सुचत नाही, आणि तो विश्वासाचा दोष नाही. हिज्कीया राजा मरणाला टेकला तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड करून प्रार्थना केली, देवाने ती ऐकली, आणि यशया संदेष्ट्याने तरीही गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला (२ राजे २०). प्रार्थना आणि लेप एकाच अध्यायात आहेत. कॅथलिक बायबलमधल्या सिराखच्या ३८व्या अध्यायात तर वैद्याचा मान राखा, त्यालाही देवानेच निर्माण केलं आहे, असं स्पष्ट म्हटलंय.

वेदनाशामक औषध घेतलं तर क्रूस नाकारल्यासारखं होईल, अशी भीती विशेषतः वयस्कर भाविकांना वाटते. येशूने क्रुसावर चढवताना बोळ (एक कडवट सुगंधी डिंक) मिसळलेला द्राक्षारस घेतला नाही, ह्याचा दाखला ते देतात (मार्क १५). पण त्याच क्रुसावरून तो ‘मला तहान लागली आहे’ असं मोठ्याने म्हणाला आणि पुढे केलेली आंब, म्हणजे आंबलेला द्राक्षारस, त्याने घेतली, हे योहान १९ मध्ये आहे. पोप बारावे पायस ह्यांनी फेब्रुवारी १९५७मध्ये भूलतज्ज्ञांपुढे बोलताना हा प्रश्न निकालात काढला: दुसरा उपाय नसेल तर झोप येईल, शुद्ध हरपेल, इतकं वेदनाशामक घेणंही योग्य आहे, आयुष्य कमी करण्याचा हेतू नसावा, एवढंच. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (शेवटच्या आजारातल्या रुग्णांचं सेवागृह) सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. रुग्णाची वेदना चार बाजूंनी असते, शरीराची, मनाची, नात्यांची आणि आत्म्याची, हे त्यांनी डॉक्टरांना शिकवलं, आणि मॉर्फिन घड्याळाप्रमाणे द्या, कळ उठण्याची वाट पाहू नका, हेही त्यांनीच शिकवलं. आपल्याकडे वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६पासून कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी हेच काम करतं. तेव्हा पहिलं काम हे: डॉक्टरांना दुखण्याचा आकडा सांगा, शून्य ते दहा. ‘चालतंय’ म्हणू नका. प्रार्थनेची वेळ गोळीचा अंमल बसल्यावरची ठेवा, गोळीनंतर साधारण पाऊण तासाने.

दुखण्याचा एक अर्थ तर शरीरशास्त्रातच आहे. डॉ. पॉल ब्रँड ह्यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरोग्यांच्या हातांवर वर्षानुवर्षं शस्त्रक्रिया केल्या. कुष्ठरोगाने बोटं ‘झडतात’ ही समजूत त्यांनी खोडून काढली. चेतातंतू बधिर होतात, चटका कळत नाही, खिळा टोचलेला कळत नाही, जखम चिघळते आणि बोट जातं. वेदना ही देणगी आहे असं ते म्हणत ते ह्या अनुभवातून. पण हा युक्तिवाद ताणू नका. आग विझल्यावरही वाजत राहणाऱ्या घंटेसारखी जुनाट पाठदुखी किंवा हाडात पसरलेला कॅन्सर ह्यांना तो लागू पडत नाही, आणि अशा माणसाला ‘वेदना ही देणगी’ म्हणणं क्रूर आहे.

स्तोत्र निवडणं

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली एक तृतीयांशाच्या आसपास विलापाची आहेत. रविवारच्या उपासनेत आपण बहुधा स्तुतीची आणि २३वं गातो, त्यामुळे ही बाकीची घरात असूनही अनोळखी राहतात. आजाऱ्यासाठी स्तोत्र निवडताना त्याचं नेमकं काय दुखतंय ते पाहा. झोप उडाली असेल तर १३० घ्या. आठच ओव्या, आणि पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी त्यात दोनदा येतात. रडू आवरत नसेल तर ६. भूक मेली, हाडं तापली, सगळे पांगले आणि आपण छपरावरच्या एकट्या पाखरासारखे झालो, असं वाटत असेल तर १०२. जवळच्या माणसाने दगा दिला असेल तर ५५. म्हातारपण असेल तर ७१. स्वतःशीच समजूत घालायची असेल, तर ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास’ हे ज्यात पुन्हापुन्हा येतं ते ४२.

३८वं आजारपणाचंच स्तोत्र आहे, जखमांना दुर्गंधी सुटली आहे इतकं उघड. पण त्यात पापाची कबुली दाट आहे. जो माणूस आधीच ‘मला माझ्या कर्माने कॅन्सर झाला’ म्हणून स्वतःला ओरबाडतोय त्याला ३८ आणि पश्चात्तापाचं ५१ सध्या देऊ नका.

८८व्याबद्दल वेगळं सांगायला हवं. त्यात आशेची ओळ शेवटपर्यंत येत नाही. १८ ओव्या, आणि शेवट अंधारात. पुष्कळ पाळक ते टाळतात. टाळू नये. काही रात्री अशाच असतात, आणि अशा रात्रीसाठीही देवाच्या पुस्तकात प्रार्थना लिहून ठेवलेली आहे ही गोष्टच आधाराची आहे. फक्त ते एकट्याने वाचू नका. शेजारी कोणीतरी असू द्या.

विलापाची बांधणी कळायला १३वं पुरे. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर’ हा प्रश्न चारदा येतो: किती काळ विसरशील, किती काळ तोंड लपवशील, किती काळ मी मनात दुःख वागवू, किती काळ शत्रू माझ्यावर वरचढ राहील. तिसऱ्या-चौथ्यात मागणी: माझ्याकडे बघ, उत्तर दे, माझे डोळे उजळ, नाहीतर मी मरेन. पाचव्यात ‘मी तर’ म्हणून वळण येतं, तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. सहाव्यात गाणं. चौथ्या आणि पाचव्या ओवीच्या मध्ये काय घडलं ते स्तोत्र सांगत नाही. शत्रू गेला, ताप उतरला, असं काही नाही. तिथे थांबा. तो कोरा भाग काहींना एका रात्रीत ओलांडता येतो, काहींना दोन वर्षं लागतात, आणि मधल्या काळात पहिल्या चारच ओव्या म्हटल्या तरी ती प्रार्थनाच असते.

स्वतःचा विलाप लिहिणं

साधी शंभर पानी वही घ्या. मोबाइलवर लिहिलं तर मध्येच कोणाचा तरी मेसेज येतो. वेळ वीस मिनिटं, घड्याळ लावून. आजाऱ्याला बसवत नसेल तर दहा. लिहिता येत नसेल तर घरच्यांनी ऐकून जसंच्या तसं उतरवायचं, शब्द सुधारायचे नाहीत.

पाच तुकडे करायचे. पहिल्यात फक्त हाक: कोणाशी बोलतोय ते नाव. ‘प्रभू’, ‘बापा’, ‘परमेश्वरा’, जे तोंडात बसलं असेल ते. दुसऱ्यात तक्रार, आणि अर्धी वेळ हिलाच द्या. तिसऱ्यात एकच मागणी, आज किंवा ह्या आठवड्यात पडताळून पाहता येईल अशी. चौथ्यात एक जुनी आठवण, देव कधीतरी आपल्याशी बरा वागला होता अशी, साल-महिन्यासकट. पाचवं वळण, ते आलं तर लिहा, नाही आलं तर जागा कोरी सोडून तारीख घाला.

डायलिसिसवर असलेल्या माणसाचा नमुना:

‘प्रभू. मंगळवार, गुरुवार, शनिवार, तिन्ही दिवस चार-चार तास त्या खुर्चीत जातात. घरी आल्यावर दुसरा मजला चढवत नाही. पाणी मोजून प्यायचं, तोंड कोरडं पडतं, बायको पेला लपवते आणि मग मी तिच्यावर ओरडतो. तुला हे दिसत नाही का? मी कोणाचं काय वाकडं केलं होतं? शनिवारी सुई टोचताना एकाच वेळेत शीर सापडू दे. धाकटी जन्मली तेव्हा तीन दिवस काचेत होती आणि तू तिला घरी आणलीस, ते मी विसरलो नाही.’

पाचवा तुकडा इथे नाही, आणि तो ओढूनताणून जोडायची गरजही नाही. बघा, ‘मला शांती दे’ हे त्यात कुठेच नाही. शनिवारच्या सुईबद्दल मागणी आहे. मोघम मागणीचं उत्तर आलं की नाही हे कधीच कळत नाही, म्हणून अशा प्रार्थना दोन आठवड्यांत सुकतात. सुई दुसऱ्यांदाही चुकली तर तेही पुढच्या पानावर लिहायचं.

हमखास होणाऱ्या चुका सांगतो. एक, उपासनेतली जड भाषा. ‘हे सर्वसमर्थ कृपाळू पित्या’ अशी सुरुवात झाली की पुढची तक्रार सभ्य होते आणि खोटी पडते. आईजवळ जसं रडता तसं लिहा. दुसरी, देवाविषयी लिहिणं. ‘देवाने मला सोडलं’ हे वृत्त झालं. ‘तू मला का सोडलंस’ ही प्रार्थना झाली. येशूने क्रुसावर २२व्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारली, आपल्या रोजच्या अरामी बोलीत, आणि ती ‘माझ्या देवा, माझ्या देवा’ अशी हाक मारून. सगळा फरक त्या हाकेत आहे. तिसरी, राग गाळणं. ज्याच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला त्याच्याबद्दलचा संताप वहीत येऊ द्या. १०९वं स्तोत्र वाचलंत तर तुमचा संताप सौम्य वाटेल. शाप देवाच्या हातात दिला की तो आपल्या हातात उरत नाही.

मराठी माणसाला देवाशी भांडायला नव्याने शिकवावं लागू नये. तुकोबांनी विठ्ठलाला काय काय सुनावलंय ते शाळेतही कानावर पडतं. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत, आणि त्यांची अभंगवळणाची गीतं मराठी मंडळ्यांत आजही म्हटली जातात. तरी चर्चमध्ये शिरताना आपण ती भांडणाची सवय चपलांबरोबर बाहेर ठेवतो.

काहींचं उलट होतं: लिहायला बसलं की थांबताच येत नाही, दोन तास जातात आणि माणूस आणखी गाळात जातो. त्यांच्यासाठी विलापगीताच्या पुस्तकातली युक्ती आहे. यरुशलेम बेचिराख झाल्यावरच्या त्या पाच कविता. त्यांतल्या पहिल्या चार हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांवर बांधलेल्या आहेत, दर कडव्याची सुरुवात पुढच्या अक्षराने; तिसरीत दर अक्षराला तीन, म्हणून ओव्या ६६. इतकं मोठं दुःख, पण त्याला कुंपण आहे. तुम्ही क, ख, ग, घ पासून सुरू करा, एका अक्षराला एकच ओळ, आणि रोज पाच अक्षरांवर थांबा. ‘ङ’ आणि ‘ञ’ आले की बहुतेकांना हसू येतं, येऊ द्या.

प्रार्थना सुचतच नसेल तेव्हा

केमोनंतरचे दोन-तीन दिवस, ऑपरेशननंतरची गुंगी, पोटातली मळमळ, ह्यांत वही नको. एक ओळ श्वासावर बांधा: आत घेताना ‘प्रभू येशू’, सोडताना ‘दया कर’. दहा वेळा, मग सोडून द्या. कॅथलिक घरात जपमाळ हातात धरून ठेवली तरी पुरे. मंगळवार-शुक्रवारची दुःखाची रहस्यं, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या प्रसंगांवरची जपमाळ, घरच्यांनी म्हणावीत, आजाऱ्याने नुसतं ऐकावं. आपल्याला कशासाठी प्रार्थना करावी हे कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः शब्दांपलीकडच्या कण्हण्याने आपल्यासाठी विनवणी करतो, असं प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहितो. कण्हणं हा शब्द तिथे आहे, हे बिछान्यावरच्या माणसाला सांगा. रात्रीसाठी घरातल्या ओळखीच्या आवाजात चार-पाच स्तोत्रं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, दोन-दोन मिनिटांची. नातवाचा आवाज असेल तर फारच उत्तम.

आणि रात्री तीन वाजता कोणताही मोठा निर्णय घेऊ नका. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२१मध्ये स्पेनमधल्या पँप्लोनाला तोफेच्या गोळ्याने पाय मोडून महिनोन्‌महिने पडून होता. पुढे त्याने साधकांसाठी नियम लिहिले. मन उजाड झालेलं असताना आधी घेतलेला निश्चय बदलू नये, हा त्यांतला एक. उपचार सोडायचे, घर विकायचं, मुलाशी बोलणं तोडायचं, हे सकाळी दहानंतर ठरवा.

सोबत

दुसरी पायरी म्हणजे येशूच्या दुःखसहनात आपली जागा शोधणं. मार्क १४ आणि १५ हे दोन अध्याय सावकाश वाचा, रोज सात-आठ ओव्या. ‘त्याने माझ्यापेक्षा जास्त सोसलं’ अशी तुलना करू नका, त्याने फक्त लाज वाटते. एवढंच विचारा: आज माझं जे झालं त्यासारखं ह्यात काय आहे? मित्र झोपी गेले, हे आहे. कपडे काढून घेतले, हे आहे. आयसीयूत गाऊन घातलेल्या प्रत्येकाला ते कळतं. पकडले जाण्याआधी गेथशेमाने बागेत त्याने ‘हा प्याला दूर कर’ ही मागणी आधी केली आणि ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ नंतर म्हटलं. तीन वेळा जाऊन तीच प्रार्थना केली. आपण पहिलं वाक्य गाळून दुसऱ्यापासून सुरू करतो आणि त्यालाच भक्ती समजतो.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात वसईपासून गोव्यापर्यंत शुक्रवारी क्रुसाची वाट चालतात, येशूच्या शेवटच्या प्रवासातल्या एकेका प्रसंगाच्या स्थानाशी थांबत प्रार्थना करतात. अंथरुणावरच्या माणसाला ती चालता येत नाही, पण १४ स्थानं १४ दिवसांत करता येतात. भिंतीवर, आजाऱ्याच्या नजरेच्या रेषेत, एक क्रूस लावा. रोज एकच स्थान, पाच मिनिटं. तिसरं, सातवं आणि नववं स्थान पडण्याचं आहे. फिजिओथेरपीत पुन्हापुन्हा तोल जाणाऱ्यांनी त्या तीन दिवसांत जास्त वेळ थांबावं. पाचव्यात कुरेनेकर शिमोन येतो. त्याला कोणी विचारलं नव्हतं, पकडून आणून क्रूस खांद्यावर दिला. हे स्थान आजाऱ्यापेक्षा त्याची सेवा करणाऱ्यांचं आहे. सून असो, मुलगा असो, रात्रपाळीची आया असो, त्यांनी ते स्वतःसाठी म्हणावं.

अर्पण, आणि त्यातली गडबड

कलस्सैकरांस पत्रात (१:२४) पौल म्हणतो की ख्रिस्ताच्या क्लेशांत जे उरलं ते मी मंडळीसाठी माझ्या देहात भरून काढतो. ह्या ओळीवरून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वाचन वेगळं होतं. कॅथलिक परंपरा म्हणते की आपलं दुखणं ख्रिस्ताच्या बलिदानाला जोडून दुसऱ्यासाठी अर्पण करता येतं. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी ११ फेब्रुवारी १९८४च्या पत्रात हे सविस्तर मांडलं, आणि पुढे तीच तारीख जागतिक आजारी दिन म्हणून ठरवली. प्रोटेस्टंट मंडळ्या ठासून सांगतात की तारणासाठी क्रुसावर काहीच उणं राहिलं नाही. पौल सुवार्तेसाठी सोसलेल्या हालांबद्दल बोलतोय. व्यवहारात दोघांनाही पुढची रीत चालते.

नाव घेऊन करा. ‘जगाच्या शांतीसाठी’ नको. ‘आज दुपारी ड्रेसिंग बदलतानाची दहा मिनिटं शेजारच्या खाटेवरच्या पोरासाठी.’ अर्पण आधी ठरवा, ड्रेसिंगच्या ट्रॉलीचा आवाज आला की. कळ सुरू झाल्यावर आठवत नाही. दिवसाला एकच. आणि हा सौदा नाही हे ध्यानात ठेवा: मी सोसतो, तू पोराला पास कर, असं बोललं की देव सावकार होतो. दुखणं मुद्दाम वाढवणं, गोळी चुकवणं, हे अर्पण नाहीच. अर्पण जमत नसेल तर महिनाभर सोडून द्या, मागे या, तक्रारीकडे.

अर्पणाचं हातांनी केलेलं रूपही असतं. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळातल्या उपासमारीत आई, वडील आणि मोठी बहीण गमावली. १८९६–९७चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-विधवांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातूनच वाढलं. डॉ. मेरी वर्गीस ह्यांना १९५४च्या मोटार अपघाताने कमरेखाली कायमचं अपंगत्व आलं; वेल्लोरला चाकांच्या खुर्चीत बसून त्या कुष्ठरोग्यांच्या हातांच्या शस्त्रक्रिया करू लागल्या. पण ह्या नावांचा चाबूक करू नका. शेजारच्या खाटेवरच्याला पाण्याची बाटली सरकवणं ह्याच जातीचं आहे.

हा क्रूस नव्हे

नवऱ्याचा मार हा क्रूस नव्हे. ‘सोस, प्रभूनेही सोसलं’ असं सांगणारा पाळक किंवा सासू चुकीची शिकवण देतात. आपला जीव कोणी हिरावून घेत नाही, आपण होऊन देतो, असं येशू स्वतः म्हणतो (योहान १०:१८). आणि नासरेथात लोक त्याला कड्यावरून ढकलायला निघाले तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला (लूक ४). जीवाला धोका असेल तर ११२, महिलांसाठी १८१.

निराशेचा आजार हाही वेगळा. दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक, रस सगळं गेलं असेल, मरणाचे विचार येत असतील, तर स्तोत्रांच्या जोडीला मानसोपचारतज्ज्ञ लागतो. टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आजार बरे व्हावेत म्हणून भरणाऱ्या आरोग्यसभेत प्रार्थना झाली म्हणून इन्सुलिन, फिटच्या किंवा टीबीच्या गोळ्या बंद करू नयेत. फिटच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर झटके न थांबता येत राहण्याचा धोका असतो. टीबीचा कोर्स अर्धवट सोडला की औषधांना दाद न देणारा टीबी होऊ शकतो. बरं वाटलं तर तपासणी करा, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, डोस त्यांना ठरवू द्या. बरं वाटलं नाही तर ‘विश्वास कमी पडला’ हे कोणाकडूनही ऐकून घेऊ नका. पौलाने देहातला काटा काढण्यासाठी तीन वेळा विनंती केली, आणि काटा राहिला. मिळालं ते ‘माझी कृपा तुला पुरे’ हे उत्तर (२ करिंथ १२). पौलाचा विश्वास कमी होता असं कोणी म्हणत नाही. ‘मी बरा झालो’ अशी मंडळीपुढे साक्ष द्यायला उभं राहण्याची घाईही नको. सहा महिने जाऊ द्या.

फादरांना किंवा पाळकांना कधी बोलवावं

लवकर. याकोबाच्या पत्रात (५:१४) आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं आहे. कॅथलिक घरांत अजूनही ‘फादर तेल घेऊन आले म्हणजे संपलं’ ही धास्ती असते. १९७२मध्ये ह्या संस्काराचा विधी सुधारला तेव्हापासून तो फक्त मरणपंथावरच्यांसाठी नाही: गंभीर आजार, मोठ्या ऑपरेशनच्या आधी, म्हातारपणाची दुर्बलता, ह्या सगळ्यांत घेता येतो, आणि दुखणं बळावलं तर पुन्हाही. कपाळाला आणि तळहातांना तेल लावतात. तयारी थोडी: छोटं टेबल, पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, थोडा कापूस. ऑक्सिजन लावलेला असेल तर मेणबत्ती पेटवू नका. कम्युनियन घ्यायचं असेल तर गिळता येतं का ते आधी सांगा; ओस्तीचा (प्रसादाच्या पातळ भाकरीचा) छोटा तुकडा पाण्याबरोबर देता येतो. पापनिवेदनासाठी दहा मिनिटं बाकीच्यांनी खोलीबाहेर जायचं, हे पाहुण्यांना आधीच बजावून ठेवा.

भेटायला जाणाऱ्यांसाठी

ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक अक्षर न बोलता. तोवर ते उत्तम मित्र होते. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. तुम्हाला सात दिवस बसायचं नाही, पंधरा मिनिटं बसायचंय. येण्याआधी फोन करा. खुर्ची डोक्याशी ओढा, म्हणजे आजाऱ्याला मान वळवावी लागणार नाही. ‘प्रार्थना करू का?’ विचारा आणि ‘नको’ ऐकायची तयारी ठेवा. ‘करा’ म्हणाला तर ‘काय मागू?’ हे विचारून तेच, त्याच्याच शब्दांत मागा, दोन मिनिटांत. ‘देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात’, ‘निदान तुमचं वय तरी झालं होतं’, ही वाक्यं घरी ठेवून या. स्तोत्र वाचायचं तर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून न्या, एकच, आणि कागद तिथेच उशाशी ठेवून या. निघताना ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका. कोणी सांगत नाही. ‘गुरुवारी चारला येतो, येताना फुलके आणतो, वहिनींनी तेवढ्या वेळात झोप काढावी,’ असं म्हणा, आणि गुरुवारी पावणेचारला निघा.